डाव्या तळहातावरची नावं

आमच्या शाळेत तास पस्तीस मिनिटांचा, आणि त्यातली बारा मिनिटं भूगोलाच्या सरांची हजेरी खायची. उरलेल्या तेवीस मिनिटांत भूगोल. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना किती वेळा सांगितलं असेल की सर, हजेरी वर्गशिक्षक सकाळीच घेतात, तुम्ही परत कशाला घेता? सर मान डोलवायचे, "हौ मॅडम, बरोबर हाय तुमचं," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तेरा मिनिटं घ्यायचे.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीतल्या या मराठी शाळेत गणित शिकवायला लागले. जीभ तेव्हाही तिखट होती, आणि आपलं मराठी तेवढं शुद्ध ही हवा डोक्यात होतीच. पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन मी सरांची नक्कल करून दाखवली होती, "काय करूलालात बाई?" सरांचं घराणं निजामाच्या राज्यातलं, चार पिढ्या इथलेच. त्यांच्या एका वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू सुखाने नांदायच्या. हा माणूस शिकवतो तरी कोणत्या भाषेत, असं मला वाटायचं. मुलांचं मात्र कधी काही अडलेलं दिसलं नाही.

तर हजेरी. सर वही उघडायचे नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तिसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस नावं तोंडपाठ. रोज वेगळ्या मुलापासून सुरुवात. एकदा मी विचारलं की हे काय, क्रमाने का नाही घेत? तर म्हणाले, "ज्याचं आडनाव शेवटी येतंय त्यानं काय जन्मभर शेवटालाच हजर व्हायचं का?"

नुसतं "हजर सर" त्यांना चालायचं नाही. "ते दिसूलालंय मला. घरची खबर सांग." मग प्रत्येकाने एक खबर द्यायची. आज नळाला पाणी आलं नाही. ताईला बघायला पाहुणे येणार. सकाळी काही खाल्लं नाही, आई ड्यूटीवर लवकर गेली. कुणी खोटं बोललं तर अख्खा वर्ग हसायचा, कारण सगळे एकाच गल्लीतले. आणि एखादा आला नसेल तर सर वर्गाकडे बघून विचारायचे, "कुणाला म्हाईत? किसकू मालूम?" बहुतेक वेळा कुणीतरी सांगायचं, ताप आलाय, निझामाबादला लग्नाला गेलाय. ज्याला माहीत त्याने संध्याकाळी त्याचा अभ्यास पोचवायचा, हा नियम.

पण कुणालाच माहीत नसलं, की वर्ग एकदम गप्प व्हायचा. सर खिशातून पेन काढायचे आणि डाव्या तळहातावर ते नाव लिहायचे. संध्याकाळी त्या घरी जायचे, पायी. गाडी त्यांनी कधी घेतली नाही. आणि ते मूल परत वर्गात उभं राहीपर्यंत नाव धुवायचं नाही. पुसट झालं की सकाळी गिरवायचे. आंघोळ करताना सर डावी मूठ मिटून ठेवतात, असं मुलं शपथेवर सांगायची. खरंखोटं त्यांच्या बायकोलाच ठाऊक.

मला ही सगळी नौटंकी वाटायची. माझ्याकडे टॅबलेट होता. चाळीस सेकंदांत माझी हजेरी व्हायची आणि गैरहजर मुलाच्या पालकांना आपोआप मेसेज जायचा. आबिड्सच्या इराणी हॉटेलात आम्ही शिक्षक कधीमधी चहाला जायचो, तिथे मी सरांना हे अगदी रंगवून सांगितलं होतं. सर नेहमी वन बाय टू, म्हणजे एक चहा दोन कपांत, मागवायचे, एकटे असले तरी. अर्धा चहा समोर ठेवून द्यायचे, कुणीतरी येतंच म्हणायचे, आणि खरोखर कुणीतरी यायचंच. त्या दिवशी मी आले होते. सर म्हणाले, "मेसेज जातंय, चांगलं हाय. परत येतंय का काही?"

मी म्हटलं, "परत काय यायचंय?"

"जबाब."

मी विषय बदलला.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या धर्मादाय निधीतून शहरातल्या आठ शिक्षकांना बारा दिवस नेदरलँड्सला पाठवायचं ठरलं. तिथल्या शाळा बघायच्या, एकेक तास घेऊन दाखवायचा, आल्यावर अहवाल द्यायचा. आमच्या शाळेला दोन जागा. मी चार पानी निबंध लिहून पाठवला, त्यात 'नवोपक्रम' हा शब्द अकरा वेळा होता. सरांनी चार ओळी लिहिल्या, की दुसऱ्या देशात मुलांना हाका कशा मारतात ते मी पाहिलेलं नाही, पाहायला आवडेल. निवड दोघांची झाली. बारा दिवस भूगोलाचा तास वेळेवर सुरू होईल म्हणून मोठ्या बाईंनीच शब्द टाकला असावा, असं आम्ही स्टाफरूममध्ये हसत होतो.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो. काचेवर डावा हात ठेवायच्या आधी तिथल्या माणसाने सरांचा तळहात पाहिला आणि डोळे बारीक केले. "क्या साब, चिट लिखके लाए? इम्तिहान नहीं है ये." सर शांतपणे म्हणाले, "बच्चों के नामां हैं. धोना नहीं आता." माझी मान शरमेने खाली. मागे रांग ताटकळलेली. त्या माणसाने हातावरची दोन नावं वाचायचा प्रयत्न केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच्या हाताने सरांची बोटं काचेवर नीट टेकवून दिली. "मेरे मास्टर बी घर आते थे साब," एवढंच म्हणाला.

आता मला रेणुकाबद्दल सांगायला हवं. आठवीची वर्गशिक्षिका मी, आणि रेणुका माझ्या वर्गातली. जायच्या आधी दहा-बारा दिवस ती आलीच नव्हती. टॅबलेटवर रोज लाल खूण होत होती, रोज मेसेज जात होता. तिच्या घरचा नंबर बंद होता, हे मला कळायचं कारण नव्हतं, कारण मी फोन केलाच नव्हता. महिनाभर न आलेल्या मुलांचं नाव पटावरून कमी करायचा कागद असतो. तोही मी भरून ठेवला होता, आल्यावर तारीख टाकून सही करायची एवढंच बाकी. माझी तयारी दुसऱ्याच गोष्टीची चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी चालले होते आणि तिथे इंग्रजीतून प्रेझेंटेशन द्यायचं होतं. आरशासमोर उभी राहून मी 'गुड मॉर्निंग' सुद्धा पाठ केलं होतं!

ज्या गावात आम्ही उतरलो ते लहानसं, कालव्याकाठचं. गारठा असा की दात वाजत होते. सरांना दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांच्या मुलांच्या वर्गावर तास घ्यायचा होता. त्यांनी आधीच चोवीस नावांची यादी मागवून घेतली आणि जेवणानंतर हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला गाठलं. ती नाव उच्चारायची, सर म्हणायचे. सान्ने. योस्ट. फेम्के. एक नाव होतं ख्यूस, आणि त्यातला ख घशाच्या तळातून यायला हवा. आमच्यातले बाकीचे सगळे तिथे आपटले. सर पहिल्या फटक्यात बरोबर बोलले. ती मुलगी खुर्चीतून उठलीच. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यात काय हाय बाई? आपल्या खुदाहाफिजचा ख हाय हा."

सकाळी तास. मागे आम्ही सात जण, तिथल्या वर्गशिक्षिका, आणि प्रायोजकांचा समन्वयक, एक तरुण गृहस्थ, हातात कॅमेरा घेऊन. नदीकाठची शेती असा विषय जाहीर केला होता. सरांनी हजेरी सुरू केली, सावकाश इंग्रजीतून, यादी न बघता, मधल्याच कुणापासून तरी. ख्यूसचं नाव घेतलं तेव्हा तो मुलगा चक्रावून शेजाऱ्याकडे बघायला लागला. "आय कॅन सी यू. टेल मी न्यूज ऑफ युवर हाउस." आधी मुलं लाजली, मग सुटली. एकाच्या सशाला पिल्लं झाली होती. एकीचे आईबाबा आता दोन घरांत राहतात, म्हणून तिचे दात घासायचे ब्रशही दोन. एकाने सांगितलं की सकाळी पावावर चॉकलेटचे दाणे टाकून खाल्ले. सरांनी थांबून विचारलं, "चॉकलेट? ऑन ब्रेड? इन द मॉर्निंग?" आणि मराठीत माझ्याकडे बघून, "बाई, बडीशेपेसारखं पसरून खातात म्हणं!" वर्ग खदखदून हसला. समन्वयक घड्याळ बघून घामाघूम. तास चाळीस मिनिटांचा, हजेरीलाच पंचवीस गेली.

आणि एक जागा रिकामी होती. लोट्टे नावाची मुलगी. सरांनी विचारलं, "हू नोज?"

कुणी बोलेना. वर्गशिक्षिका पुढे आल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "आमच्याकडे मुलाच्या घरचं कारण वर्गात विचारत नाहीत. ती त्या मुलीची खाजगी गोष्ट आहे."

सरांनी मान डोलावली. त्यांना ते पटलेलं दिसलं. पण हात खिशाकडे गेलाच. पेन निघालं. डाव्या तळहातावर त्यांनी इंग्रजीत 'लोट्टे' लिहिलं आणि मग नदीबद्दल बोलायला लागले.

तास संपल्यावर समन्वयक माझ्यावरच घसरला. "मॅडम, व्हिडिओमध्ये सगळी हजेरीच आहे! मी वर काय दाखवू?" मी काय सांगणार, कपाळ? तोवर सर त्या वर्गशिक्षिकेला विचारत होते की वर्गात विचारत नाही ते ठीक, मग विचारतं कोण? त्या म्हणाल्या, ऑफिसात एक बाई आहेत. मूल आलं नाही आणि घरून निरोप नाही, तर साडेआठच्या आत त्या घरी फोन करतात. समोरून कुणीतरी उत्तर देईपर्यंत करत राहतात.

"साडेआठच्या आत?" सरांचे डोळे चमकले. "मला तर संध्याकाळ होती! बाई, ह्यांना भेटायचंच." समन्वयक म्हणाला, कार्यक्रमात नाही. सर म्हणाले, "मियाँ, दहा मिनिटं," आणि चालायला लागले. दुभाषी म्हणून मी मागोमाग.

ऑफिसातल्या बाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, काचेमागे बसलेल्या. कुणी पाहुणा आपल्याला भेटायला येईल हे त्यांच्या स्वप्नातही नसावं. सरांनी उभं राहून हात जोडले. मग त्यांनी आपली नोंद दाखवली, नाव, फोनची वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. लोट्टे सायकलवरून पडली होती, मनगटाला पट्टी, सोमवारी येणार. सरांनी आपला तळहात काचेला लावून दाखवला. दोघंही असे खुशीत आले की जणू एकाच गावचे. मला हसू येत होतं आणि आपण उगाच मध्ये उभ्या आहोत असंही वाटत होतं.

मग त्या बाईंनी काचेवर बोट ठेवलं. लोट्टेच्या खाली आणखी एक नाव होतं, देवनागरीत. "आणि ही?"

मी वाचलं. रेणुका.

बाईंनी विचारलं, "ही किती दिवस आलेली नाही?" आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं.

"सांगा बाई," सर म्हणाले.

मी म्हटलं, "थ्री डेज."

सरांना एवढं इंग्रजी नक्की येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात काचेवरून काढला, त्या बाईंचे आभार मानले आणि बाहेर पडले.

कालव्याकाठी एक बाक होतं. सरांनी जवळच्या टपरीवरून एक कॉफी आणि एक रिकामा पेला आणला, अर्धी अर्धी केली. मला वाटलं आता बोलतील. शेवटी मीच विचारलं, "तिच्या घरी गेला होतात का सर?"

"सहा बार गेलो."

"काय झालंय तिला? आजारी आहे?"

"नाय. कायबी नाय झालं. तुम्ही म्हणालात म्हणं, उद्यापासून आली नाहीस तरी चालेल मला. मुलगी गुणाची हाय. सांगितलेलं ऐकती."

मला आठवलं. त्याच क्षणी, जसंच्या तसं आठवलं. प्रेझेंटेशनची रंगीत तालीम होती त्या दिवशी. ती सलग तिसऱ्यांदा उशिरा आली, कंपासपेटी नाही, वही नाही. मी पुढचं न बघता ते वाक्य फेकलं. आजवर पन्नास मुलांना फेकलं असेल. सगळी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून येतात. ही आली नाही, आणि का आली नाही हे माझ्याशिवाय अख्ख्या वर्गाला माहीत होतं; सरांनी हजेरीला विचारलं तेव्हा माझ्या धाकाने कुणी तोंड उघडलं नसणार.

चिडले की मी समोरच्यावर उलटते, हा माझा जुना गुण. "मग तुम्ही का नाही तिला आणलंत? हाताला धरून आणायचं ना!"

"आणलं असतं तर भूगोलाच्या तासाला आली असती बाई. गणिताला कशी बसली असती?"

"मला सांगायचं तरी!"

"दोन बार आलो होतो. तुम्ही म्हणालात, सर, प्लीज, आत्ता नको."

हेही खरं होतं. मी हातात कागद घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि सर दारात उभे होते. त्यांना बहुतेक पेन हवं असेल असं मला वाटलं होतं.

मी रडायला लागले. भर रस्त्यात, परक्या गावात. सर कालव्याकडे बघत म्हणाले, "संध्याकाळी जाऊन शिकवतो मी तिला जमेल तसं. भूगोल, इतिहास झालं. गणिताचं माझं बी कच्चं हाय. त्रिकोणापाशी अडलोत दोघं."

मी फोन काढला. शेजारचा कुणाचा तरी नंबर मिळवते, आत्ता बोलते तिच्याशी. सरांनी मान हलवली. "नक्को. हाकललं तेव्हा फोनवर नव्हतं हाकललं."

पुढचे आठ दिवस मी कुठल्या शाळा पाहिल्या ते माझ्या अहवालात आहे, माझ्या डोक्यात काही नाही. प्रेझेंटेशन चांगलं झालं म्हणे. टाळ्या पडल्या. मी फक्त दिवस मोजत होते.

सरांनी हे कुणाला सांगितलं नाही. मोठ्या बाईंना नाही, स्टाफरूममध्ये नाही, समन्वयकाने "तुमच्या शाळेत गैरहजर मुलांचं काय करता?" असं सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हाही नाही. माझ्या आधी सरच म्हणाले, "आमच्याकडं थोडा टाइम लागतो, पण जातो आम्ही." आम्ही! त्या एका शब्दात त्यांनी मला उचलून आपल्या शेजारी बसवलं. माझ्या वडिलांनीसुद्धा मला इतकं सांभाळून घेतलं नसतं, त्यांनी चारचौघांत कान उपटला असता. सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. सिकंदराबादला मुलीकडे असतात. गुरुपौर्णिमेला मी जाते, पाया पडते. ते दर वेळी अवघडतात आणि विषय बदलून माझ्या घरचं, शाळेचं, नळाच्या पाण्याचं विचारतात. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, पण शिक्षक म्हणून मला जे काही येतं ते त्या बाकावर आलं. त्यांचे उपकार फेडायचे म्हटलं तर कशाने फेडू, मला कळत नाही.

आम्ही उतरलो ती शनिवारची सकाळ होती. विमानतळाबाहेर नवरा गाडी घेऊन उभा होता. सर म्हणाले, "बॅगा आम्ही दोघं नेतो. तुम्ही निघा." मी रिक्षा केली. अंगात कालपासूनचे चुरगळलेले कपडे, केस विस्कटलेले, पाय सुजलेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, इंग्रजी प्रेझेंटेशनसाठी जुळवली नव्हती एवढी.

बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या. रेणुकाची आई साड्यांना फॉल लावते. दारातच बसली होती, मांडीवर साडी. मला बघून धडपडत उठली, "अगो बाई, मॅडम! या की, या." रेणुका आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. घरातला फ्रॉक, मोकळे केस.

जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "रेणुका, माझं चुकलं. मी रागात बोलले, तसं बोलायला नको होतं. तू वर्गात पाहिजेस मला. येशील का परत?"

तिने माझ्याकडे बघितलं. हो नाही, नाही नाही. वळली आणि आत निघून गेली.

मी तशीच उभी. झालं, म्हटलं. इतक्या दिवसांनी उगवल्यावर मुलीने काय धावत येऊन गळ्यात पडायचं होतं? तिच्या आईने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा मॅडम, येतीच ती. शाळेचा डरेस घालूलालीय. सकाळी घातला होता तिनं, आत्ताच काढून ठिवला."

"आज? शाळेत जाणार नव्हती तरी?"

"रोज घालती. वेण्या घालून, दप्तर घेऊन हितं पायरीवर बसती. गल्लीतली पोरं शाळेला गेली, की आत जाऊन काढून ठिवती. कशाला घालतीस गं म्हणलं, तर म्हणती, मॅडम बोलवायला आल्या तर उशीर नको."

रेणुका बाहेर आली. एक वेणी घातलेली, दुसरी अर्धी, रिबीन दातात धरलेली. पायात चपला सरकवत ती म्हणाली, "चला मॅडम, रस्त्यात घालते."